पाठ टेकली म्हणजे

रविवार, रात्रीचे पावणेबारा

मान उजवीकडे वळत नाहीये. वही डावीकडे तिरकी ठेवून लिहितोय, म्हणून आज अक्षर असं आलंय. मान कशाने धरली ते ओघात येईलच.

पुतण्या पुण्याहून आलाय. दिवसभर नोकरी, संध्याकाळी एमएमएची जिम, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींची. लहानपणी याला तालमीत न्यायला मी हाताला धरून ओढत होतो, तेव्हा लाल माती लागते म्हणून रडायचा. आता महिन्याचे पैसे भरून गादीवर लोळतो. दुपारी जेवणं झाल्यावर नेहमीचा वाद निघाला, जुने भारी की आत्ताचे. माझी बाजू न बघताच ठरलेली. जुने. तो म्हणाला, "काका, आधी बघा तरी," आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

पहिली यूएफसी, म्हणजे याच एमएमएच्या लढतींची स्पर्धा. १२ नोव्हेंबर १९९३, अमेरिकेतलं डेन्व्हर. आठ जण, एका रात्रीत निकाल. वजनी गट नाहीत, गुण देणारे पंच नाहीत. चावायचं नाही, डोळ्यात बोटं घालायची नाहीत, बाकी जवळजवळ सगळं चालतं. पहिल्याच लढतीत नेदरलँड्सच्या जेरार्ड गोर्डोने खाली बसलेल्या सुमो पैलवानाच्या तोंडावर लाथ घातली आणि दात उडाला. घरातली बाकीची मंडळी तिथेच उठून स्वयंपाकघरात गेली.

पुढे एक बॉक्सर आला, आर्ट जिमरसन, एकाच हातात ग्लोव्ह घालून. मी हसलो. त्याच्यासमोर रॉयस ग्रेसी, ब्राझीलचा, अंगावर पांढरा गी, म्हणजे ज्युडोवाल्यांसारखा जाड पोशाख, वजन ऐंशी किलोच्या आसपास. आमच्या तालमीत वस्तादांनी त्याला आधी दूध-बदाम सांगितले असते. त्याने बॉक्सरला खाली घेतलं, वर बसला, आणि बॉक्सरने जमिनीवर हात आपटून हार मानली. मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मान आवळलेली नाही, हात पिळलेला नाही. आपल्याला हे काय होतंय तेच त्याला कळेना, म्हणून त्याने सोडलं. मग हसू आलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्याला खटकलीच. हे मैदान भरवणाऱ्यांत रॉयसचा थोरला भाऊ रोरियन होता. घरच्या जुजुत्सूची, म्हणजे जमिनीवर धरून आवळायच्या विद्येची, जाहिरात व्हावी हा उघड हेतू. घरात रिक्सनसारखा तगडा गडी असताना मुद्दाम किडकिडीत रॉयसला पुढे केलं, म्हणजे बघणारा म्हणेल, याला जमतं तर मलाही जमेल. यात्रा कमिटीच्या घरचाच पैलवान असला की आपण जोडीकडे जरा बारीक बघतो, तसं मीही बघितलं. पण मार्च १९९४ च्या दुसऱ्या स्पर्धेत हाच गडी एका रात्रीत चार लढती जिंकला. चारही जोड्या खोट्या कशा असतील? गप्प बसलो.

खरं डोकं फिरलं ते डिसेंबर १९९४ ची लढत बघून. टल्सा शहर, चौथी यूएफसी, शेवटची लढत. समोर डॅन सेव्हर्न, मुरलेला कुस्तीगीर, एकशे पंधरा किलोच्या वरचा. त्याच रात्री आधीच्या लढतीत त्याने समोरच्याला कंबरेतून उचलून मागे डोक्यावरून फेकला होता. त्याचा पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, बघून मला जुने दिवस आठवले. त्याने रॉयसला खाली घेतलं आणि वर बसला. रॉयसची पाठ जमिनीला, दोन्ही खांदे टेकलेले. मी म्हणालो, "झाली कुस्ती. चितपट."

पुतण्या नुसता हसला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. सेव्हर्न वरच. ठोसे मारतोय, पण हात राखून, जसं काही कुणी येऊन त्याचा हात वर करेल याची वाट बघतोय. तोही कुस्तीच शिकलेला. पाठ टेकवली, पुढे काय करायचं ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. खालचा मात्र आरामात पडलेला, पाय हळूहळू वर सरकवत. आणि पंधरा मिनिटं एकोणपन्नास सेकंदांनी त्या पायांची कैची सेव्हर्नच्या मानेभोवती बसली. एक हात आत, एक बाहेर. हात आपटला त्याने. लढत इतकी लांबली की पैसे भरून घरी बघणाऱ्या अनेकांचं प्रक्षेपण शेवट दिसायच्या आधीच बंद पडलं. त्यांनी माझ्यासारखंच धरलं असेल की वरचा जिंकला.

वयाच्या चौदाव्या वर्षापासून माझ्या अंगात एकच गोष्ट मुरलीय की पाठ लागली की संपलं. वस्तादांनी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी हेच सांगितलं असतं. आणि हा माणूस पाठीवर पडून जिंकतो.

मग मी तावातावाने म्हणालो, "बघ, जुनेच भारी!" त्यावर त्याने मे २००६ ची लढत लावली. एकोणचाळीस वर्षांचा रॉयस, समोर मॅट ह्यूज, इलिनॉयच्या शेतावर वाढलेला कुस्तीगीर आणि त्या वेळचा विजेता. ह्यूजला खालच्याचे पाय काय करतात ते पाठ होतं. त्याने पाय ओलांडले, हात पिळला, पाठीवर चढून ठोसे दिले. पहिल्याच फेरीत पंचांनी लढत थांबवली. वय झालं होतं, हे खरं. पण मला नाही वाटत की वय वीस वर्षांनी कमी असतं तर फार फरक पडला असता. आजच्या कुठल्याही मध्यम फायटरने १९९४ च्या रॉयसला घाम फोडला असता, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. मुळात त्याची नि सेव्हर्नची गाठच आज पडणार नाही. एक सत्त्याहत्तर किलोच्या गटात उतरेल, दुसरा हेवीवेटमध्ये. वर वजनाच्या आदल्या दिवशी अंगातलं पाणी काढून सुकायचं. आमच्याकडे पैलवान वाढायला खायचे, हे कमी व्हायला उपाशी राहतात.

पहिल्या त्या लढती म्हणजे आपली मातीतली निकाली कुस्ती, आणि आत्ताच्या म्हणजे गादीवरची गुणांची. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदाला पाच, कडेला तीन पंच. एप्रिल १९९५ मध्ये रॉयस आणि केन शॅमरॉक छत्तीस मिनिटं एकमेकांना धरून राहिले आणि शेवटी बरोबरीत सोडवली. कोल्हापूरच्या खासबागेत कधीकाळी अशी कुस्ती सुटली की लोक कसे ओरडायचे, ते आठवलं.

गंमत म्हणजे खालचे पाय सगळ्यांना कळू लागले तशी पाठ टेकणं पुन्हा तोट्याचं झालं. वर बसून मारणाऱ्याकडे गुण जातात. रशियातल्या दागेस्तानच्या खबीबने सगळ्यांना खाली दाबून एकोणतीस लढती जिंकल्या, एकही हरला नाही. मी म्हणालो, "शेवटी आमची कुस्तीच." तर याने ऑक्टोबर २०२० ची खबीबची शेवटची लढत दाखवली. तो समोरच्या गेथजीच्या छातीवर बसलेला, आणि जिंकायला स्वतःहून पाठीवर पडला. तीच पायांची कैची! मला बोलायला काही ठेवलंच नाही.

आपल्याकडचा फायटर भारत खंडारे आठवला. २०१७ मध्ये यूएफसीत शांघायला उतरला, कुस्तीतून आलेला, आणि पहिल्याच फेरीत मानेला विळखा पडून हरला.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत दोन गाद्या टाकल्या. मी पट काढला, गुडघा कुरकुरला तरी गडी खाली आला. दोन्ही खांदे गादीला. मी सवयीने हात सैल सोडले आणि उठायला लागलो.

पुढचं मला फक्त पायजम्याचा वास म्हणून आठवतंय.

सुटल्यावर तो विचारत होता, "काका, थांबलात का?"

"तू चीत झाला होतास."

"मग?"