तळ्याकाठी तहानलेला घोडा

घोडा घेऊन मुक्कामाला जायचे असेल तर सामानाची यादी पाण्यापासून सुरू करायची असते, असे आमच्या पागेच्या मालकीणबाईंनी मला निघण्याच्या आठवडाभर आधी सांगितले होते. मी ते हसण्यावारी नेले, कारण आम्ही जिथे जाणार होतो ती जागा दोन अफाट जलाशयांच्या मधोमध होती.

केंटकी आणि टेनेसी या राज्यांच्या सीमेवर टेनेसी व कंबरलँड या दोन नद्या बरेच अंतर जवळजवळ समांतर वाहतात. टेनेसी नदीवरचे केंटकी धरण 1944 मध्ये पूर्ण झाले, कंबरलँडवरचे बार्कली धरण 1966 मध्ये, आणि दोन्ही जलाशयांमध्ये उरलेली सुमारे 1,70,000 एकरांची जंगलपट्टी 1963 मध्येच 'लँड बिटवीन द लेक्स' या नावाने राष्ट्रीय सहलक्षेत्र म्हणून ठरवली गेली. या जंगलात, बार्कली जलाशयाच्या बाजूला, 'रँगलर्स' नावाचा खास घोडेस्वारांसाठीचा तळ आहे. तिथून निघणाऱ्या घोड्यांच्या वाटांची एकूण लांबी शंभर मैलांहून अधिक भरते. नॅशव्हिलहून घोड्यांचा ट्रेलर ओढत गेले तर साधारण दोन तास लागतात. मी नॅशव्हिलला नोकरीनिमित्त राहतो आणि घोड्यावर बसायला चाळिशीत शिकलो, एवढे माझ्याविषयी सांगितले तरी पुरे.

निघण्याआधी कागदपत्रे तपासून घेतली. माणसाचे ओळखपत्र एक वेळ विसरले तरी चालेल, पण घोड्याचा कॉगिन्स चाचणीचा दाखला विसरून चालत नाही. घोड्यांना होणाऱ्या एका संसर्गजन्य रक्तक्षयासाठी ही रक्ततपासणी असते. हा रोग मुख्यतः मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरतो, त्यावर औषध नाही, आणि एकदा लागण झालेला घोडा जन्मभर रोगवाहक राहतो. अनेक घोडी एकत्र उतरतात अशा ठिकाणी हा दाखला का मागतात, हे त्यावरून कळावे.

ऑक्टोबरातल्या शुक्रवारी दुपारी आम्ही कमानीच्या मोठ्या पुलावरून बार्कली जलाशय ओलांडला आणि तळावर पोहोचलो. ज्यांना तळावर भाड्याने मिळणारी ठाणी नको असतात ते दोन झाडांच्या मध्ये डोक्यावरच्या उंचीवर दोर ताणून त्याला घोडी बांधतात. दोराने साल सोलवटू नये म्हणून खोडाला रुंद पट्टा गुंडाळतात. जुन्या मराठी लष्करात घोड्याला आगाडी-पिछाडी लावून जमिनीलगत जखडत असत. इथला दोर वरून येतो, त्यामुळे पाय अडकायची भीती कमी असते. आम्ही ठाणी घेतली, ती केवळ माझ्या गाठींवर मालकीणबाईंचा विश्वास नसल्यामुळे.

खोगीर उतरवले, खरारा केला, वैरण टाकली, आणि बादलीभर पाणी घोड्यापुढे ठेवले. माझा घोडा तांबूस रंगाचा, चौदा वर्षांचा, एरवी कशालाही नाही न म्हणणारा. त्याने बादलीत नाक घातले, पाणी हुंगले, वरचा ओठ मुडपला आणि तोंड फिरवले. पाणी चांगले होते, आम्ही तेच पीत होतो. पण घोड्याला ओळखीच्या पाण्याची सवय असते. नव्या गावचा नळ, त्यातले क्लोरीन, क्षारांची वेगळी चव हे त्याला लगेच जाणवते आणि तहान लागलेली असूनही तो हट्टाने उभा राहतो.

यात हसण्यासारखे काही नाही. साधारण 500 किलो वजनाचा घोडा दिवसाला 25 ते 45 लिटर पाणी पितो आणि आठ-दहा किलो कोरडे गवत खातो. पाणी कमी पडले तर ते गवत आतड्यात दाटते, पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने तो पोटशूळ जीवावरही बेततो. त्या रात्री मी दर दोन तासांनी उठलो. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली की किती वेळात पूर्ववत होते, हिरडीवर बोट दाबल्यावर गेलेला गुलाबी रंग दोन सेकंदांत परततो की नाही, हे विजेरीच्या उजेडात पाहत होतो. कुशीला कान लावला की आतून गुडगुड ऐकू यायची, आणि ती ऐकली की मला तंबूत परतण्याचे धैर्य यायचे. जलाशयावर चांदणे पडले होते म्हणे. मी पाहिले नाही.

घरच्या पाण्याचे दोन कॅन आणायला मालकीणबाईंनी सांगितले होते, आणि मी तंबूसाठी जागा हवी म्हणून ते पागेतच ठेवले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या घोडीच्या चंदीतला बीटाचा चोथा भरपूर पाण्यात भिजवून त्याचे पातळ सार केले, त्यात थोडा सफरचंदाचा रस ओतला आणि बादली माझ्या हाती दिली. घोड्याने ते फुरफुरत निम्मे संपवले. हा रस घरीच आठवडाभर आधी पाण्यात घालू लागावे, म्हणजे बाहेरचे पाणीही घरचे वाटते, असे त्या म्हणाल्या.

शनिवारी आम्ही ओक आणि हिकरीच्या जंगलातून चार तास चाललो. वाटेत एका टेकाडावर कुंपण घातलेली लहानशी दफनभूमी लागली. या पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक दफनभूमी आहेत, कारण इथे गावे होती. लोक या भागाला 'बिटवीन द रिव्हर्स', म्हणजे नद्यांमधला मुलूख म्हणत. आधी धरणांनी काठची शेती बुडवली, आणि मग सहलक्षेत्रासाठी उरलेल्यांनाही सरकारने उठवले. मुळशी आणि कोयनेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या थडग्यांपुढे घोडा थांबवणे भाग पडले. काही थडग्यांवर ताजी फुले होती.

त्या दिवशीही घोडा सार प्यायला, पण नळाच्या बादलीला शिवला नाही. रविवारी सकाळी तंबू आवरण्याआधी आम्ही खोगीर घालून जलाशयाच्या एका उथळ खाडीकडे उतरलो. तळ गारगोट्यांचा होता, पाय रुतत नव्हता. घोडा गुडघाभर पाण्यात शिरला, नाक टेकवले आणि प्यायला लागला. घोटागणिक त्याचे कान मागेपुढे हलतात, हे मला शिकवलेले होते, म्हणून मी लगाम सैल सोडून वरून कान मोजत बसलो. बावन्न घोट झाले. दोन दिवसांची धास्ती उतरली आणि मी कॅमेरा काढला, तोच त्याने पुढच्या पायाने पाणी उडवायला सुरुवात केली. तो खेळतो आहे असे वाटून मी कौतुकाने हसलो. काठावरून मालकीणबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या की टाच मार, तो लोळायच्या बेतात आहे. तोवर त्याचे गुडघे वाकले होते.

खोगीर वाळायला चार दिवस लागले. कॅमेरा अजून तांदळाच्या डब्यात आहे.