धबधब्याची उंची

धबधब्याजवळच्या पाटीवर सर्वांत वर उंची लिहिलेली असते आणि सर्वांत खाली ‘पाण्यात उतरू नये’. वाचणारा उंचीपाशी थांबतो आणि फोन बाहेर काढतो. उंचीचं हे कौतुक मला कधी उमगलेलं नाही. जोग २५३ मीटर, दूधसागर ३१०, साताऱ्याजवळ भांबवलीचा वजराई तीन टप्पे धरून १८४० फूट म्हणे. टप्पे धरावेत की नाही, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालता येतो. मात्र मे महिन्यात गेलात तर यातल्या बऱ्याचशा फुटांवर नुसता काळा कातळ दिसेल.

विचारायचंच तर काल रात्री वर किती पाऊस झाला ते विचारावं. घाटातले बरेचसे धबधबे माथ्यावरच्या जेमतेम सड्याचं, म्हणजे उघड्या सपाट कातळाचं, पाणी घेऊन पडतात. पाणलोट एवढासा, त्यामुळे दोन दिवस उघडीप मिळाली की धार रोडावते आणि तासाभराच्या जोरदार सरीने पुन्हा फुगते. ऐन जुलैत पाणी भरपूर असतं, पण आंबोलीसारख्या ठिकाणी धुकं असं बसतं की धबधबा फक्त ऐकून परत यावं लागतं. माझं मत विचाराल तर पितृपंधरवडा बरा. पाणी निवळलेलं असतं, गवत हिरवं असतं आणि मौजेला बाहेर पडणारी माणसं थोडी कमी असतात.

मला स्वतःला पाण्यापेक्षा त्यामागचा दगड बघत बसायला आवडतं. सह्याद्रीचा कडा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. त्यातले काही घट्ट, काही बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले. मधूनच विटकरी मातीचा पट्टाही दिसतो. पाण्याचे तुषार आणि झिरपा आधी या मऊ थराला खातात. वरचा घट्ट थर मग छज्जासारखा पुढे राहतो, त्याला उभ्या भेगा पडतात आणि एखाद्या पावसाळ्यात त्याचा तुकडा खाली येतो. धबधबा असा हळूहळू मागे सरकत असतो. पायथ्याशी ज्या मोठ्या शिळेवर बसून अख्खं कुटुंब फोटो काढतं, ती शिळा बहुधा वरूनच आलेली असते. आणि तिच्यासारख्या आणखी वर तयारीत असतातच.

काही धबधबे तर पावसाच्याही हातात नाहीत. प्रवरेवरचा रंधा भंडारदरा धरणाच्या खाली आहे, त्यामुळे तिथे जाण्यापूर्वी पाणी सोडलंय का, याची चौकशी करावी. धरणाच्याच पायथ्याला ‘अंब्रेला फॉल’ आहे. धरणातून सोडलेलं पाणी गोलसर खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, आणि झडप बंद केली की छत्री मिटते. जोगच्या वर लिंगनमक्कीचं धरण १९६४ मध्ये झालं, तेव्हापासून जोगच्या शरावती नदीला पाणी किती सुटेल हे बरंचसं धरण ठरवतं. याला नैसर्गिक धबधबा म्हणायचं का, असं लोक विचारतात. कडा नैसर्गिक आहे. पाण्याचं वेळापत्रक सरकारी. चालायचंच.

नाणेघाटात पाणी उलटं उडतं, तो सगळा वाऱ्याचा खेळ. कोकणातून चढणारा वारा कड्याला आपटून वर उसळतो आणि बारीक धार उचलून माथ्यावर भिरकावतो. वारा पडला की धार गुपचूप खाली.

आता पाटीची शेवटची ओळ. धारेखालचा पांढरा फेस मऊ दिसतो, पण त्यात हवा मिसळलेली असते, आणि अशा पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. शिवाय कोसळणारी धार खाली दाबते, तळातून फिरणारा प्रवाह पुन्हा धारेकडेच ओढतो. पट्टीचा पोहणाराही तिथे हरतो. ओढ्यात उभे असताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला किंवा आवाजाचा पोत जड झाला, तर वर कुठेतरी मोठी सर झाली आहे. इथे ऊन असलं तरी लगेच बाहेर यावं, आणि ज्या काठाने परतायचंय त्याच काठाला यावं. वेगाचं पाणी गुडघ्याला लागलं तरी पाय उचलवत नाही. कुणी पडलंच तर दोर, लांब काठी, ओढणी, रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते फेकावं. मागून उडी मारू नये. उडी मारणारा बहुतेक वेळा भाऊ किंवा बापच असतो.