पोलोग्राउंडची शेड ते हाय-स्टॉल कन्व्हर्टर : आमची वाटचाल

इंदुरातल्या पोलोग्राउंडला आम्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करतो. आमच्याबद्दल इंदुरात खूप बोललं गेलं, काही चांगलं, बरंचसं वाईट, पण आमच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नाही म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

बाबा कापड गिरणीत टर्नर होते. नव्वदच्या दशकात इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा बाबांनी पोलोग्राउंडला एका शेडचा कोपरा भाड्यानं घेतला, जुना लेथ बसवला आणि लोकांचे शाफ्ट, बुश, पुली करून द्यायला लागले. मी शाळेतून आलो की तिथंच. डायल गेज (किंचित डगमगही काट्यावर दाखवणारं मोजायचं साधन) मॅग्नेटवर उभा करायचा, जॉब हातानं फिरवायचा आणि काटा किती हलतो ते मोठ्यानं बोलायचं, हा माझा पहिला अभ्यास. तो मितुतोयोचा गेज अजून आमच्याकडे आहे, काच बदललीय, बाकी तसाच. नवीन पोरगा कामाला लागला की आधी त्याला हा गेज देतो, पाना नाही. काटा वाचता येत नसेल तर त्यानं गिअरबॉक्सला हात लावायचाच नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांकडे आम्ही वळलो कारण या गाड्या यायला लागल्या होत्या आणि दुरुस्तीला घ्यायला कोणी तयार नव्हतं. सगळे म्हणायचे गिअरबॉक्स मुंबईला पाठवा. आम्ही उघडायला लागलो. मधली बरीच वर्षं क्लच पॅक, सील, व्हॉल्व्ह बॉडी यातच गेली, धंदा चालला, घर झालं, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामधला, तेलातून ताकद पुढे देणारा भाग. गाडी ब्रेकवर धरून पाय दिला की इंजिन ज्या आरपीएमपर्यंत जाऊन थांबतं तो त्याचा स्टॉल, आणि हा आकडा वर असला की तो हाय-स्टॉल. हाय-स्टॉलची सुरुवात झाली ती रामबागेतल्या काकांमुळे. काकांची इम्पाला तुम्ही रविवारी सकाळी छप्पन दुकानच्या बाजूला पाहिली असेल. या शहराला वेगवान गाड्यांचं वेड आजचं नाही, यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली होती आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधली होती. काका तर गप्पांत नेहमी तीच गाडी काढतात. तर काकांनी इम्पालात ३५० चं स्मॉल ब्लॉक इंजिन आणि टीएच-३५० बॉक्स बसवून घेतला, वर मोठा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). आता मोठ्या कॅमला कमी आरपीएमला दम नसतो, आयडल (पाय न देता इंजिन चालतं तो वेग) वर ठेवावा लागतो, आणि स्टॉक कन्व्हर्टर कमी आरपीएमलाच पकडतो. ड्राइव्हमध्ये टाकलं की गाडी ब्रेकला ढकलायची नाहीतर इंजिन बंद पडायचं. पलासियाच्या सिग्नलवर काका न्यूट्रलमध्ये टाकून उभे राहायचे. मला म्हणाले, "अरे, एवढा खर्च केला आणि सिग्नलवर लाज जाते, तू काहीतरी कर." मी म्हटलं, काका, कन्व्हर्टर बदलावा लागेल, पण मी आजवर कोणाच्या गाडीत हे केलेलं नाही. म्हणाले, "मग माझ्या गाडीपासून सुरू कर."

१२ इंचाचा काढून १० इंचाचा घातला. कन्व्हर्टर बाहेरून मागवला पण जसा आला तसा नाही बसवला, लेथवर वेल्ड कापून उघडला, फिन (आतली पाती) पाहिले, स्टेटरचा (मधल्या चाकाचा) स्प्रॅग, म्हणजे एकतर्फी क्लच, एका बाजूला फिरतो आणि दुसऱ्या बाजूला लॉक होतो ना ते पाहिलं, बेअरिंगचा क्लिअरन्स मोजला, परत वेल्ड, हवा भरून पाण्यात बुडवून लीक टेस्ट, हबचा (गिअरबॉक्सच्या पंपात जाणाऱ्या नळीचा) रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो ते, मग बॅलन्सिंग. बॅलन्सिंग तेव्हा बाहेरून करून घ्यायचो, नंतर लोन काढून स्वतःचं मशीन घेतलं. काकांची गाडी त्यानंतर ड्राइव्हमध्ये शांत उभी राहायला लागली आणि पाय दिला की इंजिन आधी आपल्या ताकदीत यायचं, मग गाडी सुटायची. त्या एका गाडीनं आम्हाला मोठं काम मिळवून दिलं.

इथं एक सांगतो, कारण रोज फोन येतात. "भिया, ३००० चा स्टॉल पाहिजे." स्टॉल म्हणजे कन्व्हर्टरवर छापलेला आकडा नसतो. तो तुमच्या इंजिनच्या टॉर्कवर ठरतो, टॉर्कच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतो. ४०० न्यूटन-मीटरच्या इंजिनवर २५०० ला स्टॉल देणारा कन्व्हर्टर ५१५ न्यूटन-मीटरच्या इंजिनवर साधारण २८०० ला जाईल. म्हणून आम्ही आधी कॅम, फायनल ड्राइव्ह, टायर, गाडीचं वजन, सगळं विचारतो, लोकांना वाटतं टाइमपास करतोय. आणि एण्डेव्हर ३.२ वाल्यांनो, तुमचा ४७० चा टॉर्क १७५० आरपीएमलाच येतो, तुम्हाला हाय-स्टॉल कशाला, नुसतं तेल तापेल. डीएसजी आणि एएमटीवाले पण विचारतात, त्या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर नसतोच.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही बुडता बुडता वाचलो ती.

मस्टँग जीटी भारतात २०१६ ला आली, ५.० व्ही-८, ६ स्पीड ६आर८० बॉक्स. लोक बिचकायचे, आम्ही नाही, कारण एण्डेव्हर ३.२ मध्ये हाच बॉक्स आम्ही रोज उघडत होतो. एका तरुण गिऱ्हाइकानं ट्यून करून घेतली होती, त्याला हाय-स्टॉल पाहिजे होता, लॉक-अपसकट (कन्व्हर्टरची स्लिप बंद करणारा क्लच), कारण हायवेलाही चालवायची होती. आम्ही कन्व्हर्टर तयार केला, बॅलन्सचा कागद दिला. फिटिंगचा भाव ऐकल्यावर त्याच्या मित्रांनी त्याला देवास नाक्याकडच्या एका नव्या गॅरेजमध्ये नेलं. मोठा बोर्ड, एसी ऑफिस, आणि भाव आमच्या निम्मा. आमची दोन पोरंसुद्धा तिकडे गेली होती जास्त पगारावर, त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्यांना गेज मीच शिकवला होता, पण कन्व्हर्टर बसवायला त्यांच्याऐवजी दुसऱ्यालाच लावलं असं नंतर कळलं.

कन्व्हर्टर बसवताना तीन खटके लागतात. आतल्या टर्बाइनचे स्प्लाइन (दाते) गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर, स्टेटरचे स्प्लाइन सपोर्टवर, आणि शेवटी हब पंपाच्या ड्राइव्हमध्ये. तिसरा खटका बसला नाही तरी कन्व्हर्टर बसल्यासारखा दिसतो, फसवतो. मग बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) इंजिनला टेकत नाही, थोडी फट राहते, आणि अडाणी माणूस ती फट बोल्ट आवळून बंद करतो. तिथंच पंप मेला. इंजिन चालू झालं, किंचाळल्यासारखा आवाज आला आणि लोखंडाचा चुरा पूर्ण बॉक्समध्ये, कूलरमध्ये, लाइनमध्ये.

त्या गॅरेजवाल्यानं सांगितलं की कन्व्हर्टर खराब होता. बस. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो फिरले, आमच्या नावासकट. भोपाळ-उज्जैनच्या ऑर्डर रद्द झाल्या, ज्यांनी अ‍ॅडव्हान्स दिला होता ते परत मागायला आले, आणि मी परत केला, सगळ्यांचा, कोणाशी भांडलो नाही. इकडे बॅलन्सिंग मशीनचा हप्ता. बायकोच्या बांगड्यांवर लोन काढायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले लेथ विकू. त्यांचा लेथ. मी रात्री शेडमध्येच बसून राहायचो, घरी जावंसं वाटायचं नाही.

काका रोज यायचे. इम्पाला शेडच्या तोंडाशी लावायचे आणि कोणी आलं की सांगायचे की हा यांचाच कन्व्हर्टर आहे, बसा, चक्कर मारा. त्यांनीच त्या मस्टँगवाल्याला समजावलं की कन्व्हर्टर फेकू नकोस, परत आण, सगळ्यांसमोर उघडू. तो आणला. बाबांनी स्वतः लेथवर लावला, गेज मीच धरला. हबचा रनआउट आम्ही कागदावर लिहून दिला होता तेवढाच निघाला. आत फिन जागेवर, स्प्रॅग ठीक, बेअरिंगवर बाहेरून आलेला चुरा, पण स्वतःची झीज नाही. आणि हबवर पंपाच्या ड्राइव्हचे ठसे फक्त टोकाला होते, पूर्ण खोलीवर नव्हतेच. म्हणजे हब आत गेलाच नव्हता. गिऱ्हाइकानं मोबाइलवर सगळं शूट केलं आणि त्याच ग्रुपवर टाकलं. त्यानंतर त्याचा बॉक्स आम्ही बांधला, नवीन पंप, नवीन कूलर, लाइन नवीन. जुना कूलर फ्लश करून परत लावायचा नाही, चुरा आत दडून बसतो आणि महिन्यात नवीन बॉक्सही खातो.

हळूहळू लोक आले. पण त्या गॅरेजवाल्यानं आजवर एकदाही सांगितलं नाही की चूक त्याची होती. रस्त्यात दिसतो, मान वळवतो. ग्रुपवर आमचं नाव घेऊन लिहिलेलं त्यानं काढलंसुद्धा नाही. हे मला टोचतं आणि टोचत राहील.

स्वतः बसवायचा असेल त्यांच्यासाठी. आधी कन्व्हर्टरमध्ये लीटरभर तेल ओता, कोरडा बसवू नका. बेल हाउसिंग हातानं इंजिनला टेकली पाहिजे, बोल्टनं ओढायची नाही. टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनवरची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टनं लागतो) ३ ते ५ मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे, फिरत नसेल तर तिथंच थांबा आणि सगळं परत काढा, संध्याकाळ झाली तरी. तेल इंजिन चालू असताना टॉप-अप करा. वेगळा कूलर लावाच, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत ए.बी. रोडच्या जाममध्ये हाय-स्टॉल सतत स्लिप करतो आणि तेल १२० च्या वर गेलं की क्लच करपायला लागतात. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून पूर्ण पाय देणं) ५ सेकंदांच्या वर नाही, कारण त्या वेळात इंजिनची पूर्ण ताकद तेलात उष्णता होऊन जाते. आणि टीसीयूमध्ये (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये) लॉक-अप चालू आहे का ते बघूनच हायवेला जा.

त्या प्रकरणानंतर आम्ही नुसता कन्व्हर्टर कोणाच्या हातात देत नाही, गाडी इथं आणावी लागते, फिटिंग आमचंच, आणि फ्लेक्सप्लेटचं अंतर गिऱ्हाइकासमोर मोजून जॉब कार्डावर लिहितो, खाली त्याची सही घेतो. काही जण यावर चिडतात, म्हणतात एवढा अविश्वास कशाला. सध्या काकांची इम्पालाच परत आलीय, मागचा सील बदलायला, आणि तिच्याही कार्डावर सही घेतली, काकांनी काही न बोलता केली.