तुम्ही विचारलंत म्हणून : काही घ्यायचे नसताना प्रदर्शनांना का जाता?

‘काही विकत घ्यायचे नसते, तर उन्हाळ्यातले शनिवार-रविवार त्या प्रदर्शनांमध्ये आणि महोत्सवांमध्ये का घालवता?’ हा प्रश्न सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून कार्यालयातल्या सहकाऱ्यांपर्यंत अनेकांनी मला विचारला आहे. ठाण्याचा एप्रिल-मे म्हणजे घामाने जीव नकोसा होण्याचे दिवस, आणि हाकेच्या अंतरावर वातानुकूलित मॉल असताना मैदानातल्या मांडवाखाली हिंडणाऱ्या बाईविषयी असे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत, हेच माझ्या जाण्याचे मुख्य कारण आहे. मात्र पैसे वाचतात एवढाच त्याचा अर्थ नाही. तिकीट काढले, की ते वसूल व्हावे म्हणून सगळे पाहून घेण्याची घाई सुरू होते. तिकीट नसले, की संपूर्ण संध्याकाळ एकाच स्टॉलपाशी काढता येते, शनिवारी अर्धवट राहिलेले बोलणे रविवारी पुढे नेता येते आणि वस्तू ज्याने केली त्यालाच ती कशी केली हे विचारता येते. हे विचारणे मला खरेदीहून मोलाचे वाटते.

गावदेवी मैदानावर मे महिन्यात भरणाऱ्या आंबा महोत्सवाचेच उदाहरण घेते. तिथे कोकणातले बागायतदार स्वतः पेट्या घेऊन बसलेले असतात. फळ झाडावरून कसे उतरवता, एवढे विचारले की माणूस खुलतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘नूतन झेला’ या फळे उतरवायच्या अवजाराने आंबा देठासकट काढता येतो, आणि देठ शाबूत राहिला की चीक सालीवर ओघळत नाही, त्यामुळे डाग पडत नाही आणि देठाकडून कुजण्याचे प्रमाणही कमी होते, हे मला अशाच एका बागायतदाराने पेटीतला आंबा हातात देऊन समजावले. काढलेले फळ तापलेल्या जमिनीवर उन्हात ठेवायचे नाही, हा त्यांचा आणखी एक दंडक. बाहेरून निर्दोष दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा निघतो, त्याला ते साका म्हणतात, आणि त्याचे नाव काढताच त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते, ती पाहिल्यावर डझनाच्या भावाविषयी कुरकुर करणे मला तरी जमत नाही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हेही होते, ही गोष्ट आपल्या ठाणेकरांना फारशी ठाऊक नसते.

हस्तकलेसाठी मी पनवेल लोकल पकडून बेलापूरच्या अर्बन हाटला जाते. वारली चित्रकारांचा स्टॉल दिसला, की माझे पाय तिथे थांबतात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. तोपर्यंत डहाणू, जव्हार, विक्रमगड ही सगळी वारल्यांची भूमी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. असे असूनही आपल्यापैकी बहुतेकांना ही चित्रे पिशवीवरची किंवा चहाच्या कपावरची नक्षी म्हणूनच माहीत आहेत. मुळात ती लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायची चित्रे. लग्नाच्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या त्या चौकोनी चित्रात, मधोमध पालघट देवी असते, आणि तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नाचणाऱ्यांनी तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याकडे पाठ फिरवायची नसते, म्हणून चित्रातली नाचणाऱ्यांची साखळी वादकाभोवती वळत जाते, हे एकदा कळले की छापील पिशवीवर इकडेतिकडे विखुरलेल्या आकृत्या पाहताना मन खट्टू होते. चित्रकाराला ‘हे कोण, ते काय करतात?’ असे विचारून पाहा. शेत, लग्न, वाघ्या देव, धान्याची देवी कणसरी माता अशी एकेक गोष्ट उलगडत जाते आणि अर्धा तास कसा सरतो ते कळत नाही.

बचत गटांच्या प्रदर्शनांविषयी थोडक्यात सांगते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्ची वापरायला मिळत नाही, त्यामुळे कुरडया, सांडगे, भरल्या मिरच्या असे वाळवण घरी करणे कठीण झाले आहे. या बायका ते करतात आणि त्यावर आपले घर चालवतात. तिथून मी कधीही रिकाम्या हाताने परतत नाही.

आता एका गोष्टीविषयी मला मनापासून सांगायचे आहे. प्रवेश मोफत असला, तरी त्या माणसाचा वेळ, गावापासूनचा प्रवास आणि उन्हात बसणे हे काही फुकट नसते. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, तळ चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो. ती शिवणाऱ्या कारागिराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारे लोक त्याच संध्याकाळी मॉलमध्ये छापील किमतीला निमूटपणे पैसे मोजतात, हे पाहून मला वाईट वाटते. मी घासाघीस करत नाही, न विचारता नक्षीचे फोटो काढत नाही, गिऱ्हाईक आले की बाजूला होते, आणि परवडत असेल तेव्हा लहानशी का होईना, एखादी वस्तू घेते. परवडत नसेल तेव्हा तसे स्पष्ट सांगते. आजवर कोणाही कारागिराने त्याबद्दल तोंड वाकडे केलेले मला आठवत नाही.

या मैदानांची मला वाटणारी ओढ आणखी एका कारणाने आहे. फाटकापाशी कोणी कपडे पाहून अडवत नाही. ज्या घरांत मुलांना सुट्टीत कुठे न्यावे हा खर्चाचाच प्रश्न असतो, त्या घरांतली मुलेही तिथे कुंभाराच्या चाकासमोर किंवा बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बाईसमोर मांडी घालून बसलेली दिसतात आणि इतर मुलांइतक्याच हक्काने प्रश्न विचारतात. आपल्या शहरात अशा जागा फार थोड्या आहेत, आणि मोकळी मैदाने कमी होत असताना त्या टिकाव्यात असे मला तीव्रतेने वाटते.

तुम्हाला यायचे असेल, तर शनिवारी पाच-साडेपाचला या. तेव्हा ऊन उतरलेले असते, गर्दी जमायची असते आणि कारागिराला बोलायला सवड असते; रविवारी रात्री मात्र सगळ्यांना सामान बांधून गाडी गाठायची असते. सोबत कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे ठेवा, कारण मैदानावर मोबाइलचे नेटवर्क पुष्कळदा दगा देते.