पाणी कुठवर येणार?

पहिल्या पगारातून लोक आईला साडी घेतात. मी गमबूट घेतले. आईनं ते पायरीवर वाळत घातलेले बघितले आणि म्हणाली, "इंजिनिअर झालीस का पाटकरीण?" तिचं फारसं चुकलं नव्हतं; पाटकरी पाटाचं पाणी बघतो, मी नदीचं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या बेचक्यात. २००५ च्या पुरात मी सातवीत होते. आबा दर तासाला कंदील घेऊन घराच्या पायऱ्या मोजायला जायचे. "तिसरी गेली," एवढंच येऊन सांगायचे. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी यायची, विसर्गाचे क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी त्याचे, आकडे यायचे. पण त्या क्युसेकच्या पायऱ्या किती, म्हशी आत्ता हलवायच्या का सकाळी, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. शेवटी म्हशी छातीएवढ्या पाण्यातून काढल्या.

म्हणून मी नदीकडं वळले, असं म्हटलं तर गोष्ट छान जुळते. खरं म्हणजे सांगलीत सिव्हिलला प्रवेश मिळाला तेव्हा डोक्यात असलं काही नव्हतं. फ्लुइड मेकॅनिक्स हा विषय माझ्या वर्गात केटीसाठी, म्हणजे नापास होऊन विषय मागं राहण्यासाठी, प्रसिद्ध होता. मला मात्र केटी म्हटलं की कोल्हापूर टाइप बंधारा आठवायचा. पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पाऊस सरला की घालायचे, आणि नेमका कुणीतरी एखादा बर्गा चुलीला नेलेला असायचा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पुस्तकात आला तेव्हा त्या एका पानावर मी मास्तरांइतकीच शहाणी होते. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतल्या काचेच्या चॅनेलमध्ये हायड्रॉलिक जंप बघितली. पातळ, सुसाट पाणी एका जागी अचानक उभं राहतं, घुसळतं आणि पुढं जाड होऊन संथ चालू लागतं. बंधाऱ्याखाली आम्ही पोहायला जायचो तिथला भोवरा तो हाच. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

मित्र सगळे स्ट्रक्चरला. "पाण्यात काय करिअर?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचं सोडलंय. गेट परीक्षेत पहिल्या वर्षी आपटले, दुसऱ्या वर्षी जमलं, आणि २०१६ च्या जुलैत जलविज्ञानाच्या एम.टेक.साठी रुरकीला पोचले. तिथं गंगेचा कालवा सोलानी नदीच्या डोक्यावरून जातो. १८५४ पासून तो जलसेतू तसाच वाहतो आहे. खाली नदी, वर नदीएवढा कालवा, बाजूला दगडी सिंह. पहिल्या आठवड्यात घरची आठवण आली की मी तिथं जाऊन बसायचे.

महिनाही झाला नसेल, २ ऑगस्टच्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या गेल्या. माझी महाराष्ट्राची म्हणून ओळख, त्यामुळं वर्गातले सगळे मलाच विचारत होते आणि मला एकही उत्तर येत नव्हतं. पुढं लेसीचं सूत्र शिकलो. पुराचं पाणी तळ किती खरवडेल ते आधी काढायचं, मग पुलाच्या खांबापाशी पूरपातळीपासून खाली त्याची दुप्पट खोली धरायची. परीक्षेत हे पाच गुणांचं गणित असतं.

मॉडेल काय असतं ते मला खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात कळलं. १९१६ पासूनची संस्था. शेडमध्ये, उघड्यावर, धरणं आणि नद्यांच्या लहान प्रतिकृती. १:१०० च्या प्रतिकृतीत वेग दहापट कमी होतो, विसर्ग मात्र एक लाख पटींनी. म्हणजे एक लाख क्युसेकचा पूर तिथं एक क्युसेकचा होतो, सेकंदाला २८ लिटर. आमच्या शेतातल्या दोन-तीन मोटरी एकदम चालू केल्यासारखं पाणी. नदीतला दहा तासांचा पूर तिथं तासाभरात उरकतो. पूर असा कमरेत वाकून बघता येतो, हे मला फार आवडलं. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "लहान पोरांचा खेळ हाय की."

नोकरी पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत लागली. मधे जलसंपदा विभागासाठी एमपीएससीही देऊन पाहिली, मुख्य परीक्षेत राहिले, तो विषय तिथंच मिटला. पगार बांधकामातल्या मैत्रिणींपेक्षा कमी होता. पहिली दोन वर्षं काम एकच, नदीचे छेद घेणं. या काठापासून त्या काठापर्यंत, पार पूर जिथवर पसरतो तिथवर, दर ठरावीक अंतरावर जमिनीची आणि तळाची उंची मोजायची. कोरड्यात टोटल स्टेशन हे उंची-अंतर मोजायचं यंत्र, पात्रात होडी आणि आवाजावरून खोली सांगणारा इको साउंडर. कागदावर तीन महिन्यांचं काम. पण आमच्या भागात नदीकाठ म्हणजे ऊस, आणि उभ्या उसातून पलीकडचं काही दिसत नाही. त्यामुळं आमचं वेळापत्रक कंपनी नाही, साखर कारखान्याची ऊसतोड ठरवायची. कुणाचा फड कधी तुटणार, याची वही माझ्याकडं असायची. तोडकऱ्यांच्या मुकादमाशी माझं जितकं बोलणं झालं तितकं साहेबांशी झालं नसेल.

हे छेद संगणकातल्या मॉडेलमध्ये घालून पूर कुठवर चढेल ते काढायचं. तोच ऊस तिथंही आडवा येतो. पाण्याला घर्षण किती होतं हे सांगायला मॅनिंगच्या सूत्रात 'एन' असतो. हा एन पट्टीनं मोजता येत नाही, बघून ठरवायचा. पात्राला मी ०.०३५ धरला. काठावर मोकळी जमीन असेल तर थोडा जास्त. पण आम्ही सर्व्हे करतो फेब्रुवारीत, तुटलेल्या फडात; पूर येतो ऑगस्टमध्ये, तेव्हा तोच फड डोक्याएवढा उभा असतो. माझ्या आधीच्या कुणीतरी फाइलमध्ये फेब्रुवारीचा एन धरला होता. मी तो ०.०८ च्या पुढं नेला, आणि पातळी लगेच वर सरकली. साहेब म्हणाले, "एवढा?" मी म्हटलं, "सर, ऑगस्टमध्ये आमच्या रानात या."

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका ४३ ला, पाणी ५५ पार. शिरोलीजवळ महामार्ग बंद. मी पुण्यात अडकलेले, आबा-आई जयसिंगपूरला पाहुण्यांकडं. आमच्या घराच्या सगळ्या पायऱ्या गेल्या, वर चौकटही.

त्या हिवाळ्यात पूरखुणा गोळा करायचं काम मिळालं, आणि माझी सगळ्यात मोठी चूक त्यातच सापडली. पूरखूण घ्यायची तर घराच्या आतली घ्यावी. बाहेर लाटा असतात, झाडावर अडकलेला कचरा पाण्याहून वर लटकतो. आत पाणी संथ असतं, भिंतीवर सरळ रेघ उमटते. रेघ पुसली असेल तर बायकांना विचारावं. पुरुष हात वर करून "हितवर" म्हणतात आणि दर खेपेला हात वेगळा असतो. बायकांना कुठली फळी, कुठला डबा, ते पाठ असतं. एका आजींनी मला फडताळ उघडून दाखवलं. "दुसऱ्या फळीवर डाळीचा डबा व्हता, त्यो भिजला. तिसऱ्या फळीवरली साखर वाचली." माझ्या संगणकातल्या मॉडेलमध्ये त्या आजींचं अंगण कोरडं होतं.

मी आधी एनला बोल लावला. मग आजींना, मनातल्या मनात. दोन रात्री आकडे हलवत बसले. शेवटी तळाचा उभा छेद काढून भिंतीला चिकटवला, तर एका जागी नदीचा तळ अर्धा मीटर वर चढलेला आणि पुढचे सहा किलोमीटर तसाच वर. तो उंचवटा मी महिन्याभरापूर्वीही बघितला होता आणि 'गाळ असेल' म्हणून सोडला होता. आमची सर्व्हेची तुकडी नेमकी तिथंच बदलली होती. नव्या तुकडीनं रस्त्याखालच्या ज्या मोरीचा कठडा उंचीची ठरलेली खूण म्हणून धरला, तो जुना कठडा रस्ता रुंद करताना पाडून त्या जागी बुटका बांधलेला. खुणांच्या यादीतली उंची जुन्या कठड्याची. त्यामुळं सहा किलोमीटरची जमीन कागदावर ५५ सेंटिमीटरनं उंच झाली आणि तिथली घरं बसल्याजागी पुरातून बाहेर आली. अहवाल गेला असता तर त्या घरांजवळून नकाशावरची पुराची लाल रेषा भलतीकडूनच गेली असती. यादी तपासायचं काम माझं होतं. साहेबांना सांगताना माझा घसा कोरडा पडला. ते फक्त म्हणाले, "परत मोज." आजींकडं पेढे घेऊन गेले. कशाचे, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

रेषांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण याच रेषांपायी मला सगळ्यात जास्त शिव्या बसल्या आहेत. आपल्याकडं २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येईल अशाची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोघींच्या मधे अटी घालून परवानगी. कागदावर सोपं. पण ज्याचा प्लॉट निळीच्या आत गेला तो माणूस तुमच्यासमोर येऊन बसतो. "मॅडम, १०० वर्षांचा पूर २०१९ ला येऊन गेला, आता २११९ पर्यंत काळजी नाही ना?" दोनच वर्षांत, २०२१ ला, पाणी परत आलं. १०० वर्षांत एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक, हे मी किती सभांमध्ये सांगितलं असेल! फासा टाकून दाखवला की थोडं पटतं.

दुसरा प्रश्न लग्नकार्यात येतो, जिलेबी वाढता वाढता. "पूर आलमट्टीमुळं येतो का?" २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाला दोष दिला नव्हता, वाद मात्र मिटला नाही. मी आलमट्टीपर्यंत जातच नाही, नरसोबाच्या वाडीला, पंचगंगा कृष्णेला मिळते तिथंच थांबते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी संगमाच्या मागं फुगतं. त्यामुळं पातळी तीच असली तरी वाहणारं पाणी दर वेळी तेवढंच नसतं. पूर चढताना वेगळं, उतरताना वेगळं. फुटावरून विसर्ग सांगणारा तक्ता इथं बेतानंच वापरावा. एवढं बोलेपर्यंत जिलेबी पुढच्या पंगतीला गेलेली असते.

या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी सॉफ्टवेअर आधी सांगत नाही. पुराचं मॉडेल करायचं हेक-रास फुकट मिळतं, महिनाभरात हात बसतो. आधी आपल्या गावच्या ओढ्याचे दोन छेद घ्या, भोपळा किंवा नारळ सोडून वेग मोजा, पावसाळ्यात रोज एकाच दगडावर पाणी बघा. मुली विचारतात, साइटवर बाथरूमचं काय? अजूनही धड सोय नाही. ज्यांच्या घरी पूरखूण घेतली, त्यांच्याकडंच गेले.

मागच्या एका जुलैत रात्री दहाला कुरुंदवाडहून मामाचा फोन. "पाणी पाचव्या पायरीला हाय. कुठवर येणार?" मी राधानगरीचा विसर्ग बघितला. सातातले चार दरवाजे उघडलेले, प्रत्येकी १४२८ क्युसेक. राजाराम बंधाऱ्याची पातळी, आयर्विनची पातळी, घाटातला पाऊस, सगळं मांडलं. मामाच्या पायरीची उंची मला माहीत होती, मीच मोजली होती. "सकाळपर्यंत अजून दोन पायऱ्या. म्हशी आत्ताच हलव."

मामानं भर पावसात, अंधारात, चारी म्हशी शाळेच्या पटांगणात नेल्या. पाणी एक पायरी चढलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी मी आनंदानं फोन केला. पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.

"म्हस आटली की गं तुझ्या इंजिनिअरिंगपायी," मामा म्हणाला.