तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट नाहीत, मग वर्गणी कसली?

"पेशंट तर बघत नाही तुम्ही, मग ती वर्गणी कसली भरता दरवर्षी?" इथे इंदुरात, रामबागेत शेजारच्या काकू विचारतात, पोह्यांच्या दुकानात भेटणारे ओळखीचे विचारतात, आणि मार्चमध्ये हिशेब लावताना आमचे हेही विचारतात. डॉलरमध्ये जाते ना, म्हणून डोळ्यांवर येते.

वर्गणी जाते असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्सला. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. इंदुरात हे सांगितलं की लोकांना एकतर समुपदेशन आठवतं, नाहीतर बोटांचे ठसे घेऊन 'मुलाला कोणती लाइन द्यावी' हे सांगणारे. (त्या ठशांना काही आधार नाही. सांगून सांगून थकले.) ही संस्था निघाली ती प्रयोग करणाऱ्यांची. अमेरिकेतल्या १८९२ च्या जुन्या संघटनेत दवाखानेवाल्यांचं वजन वाढत गेलं, फेररचनेचा ठराव मतदानात पडला, आणि १९८८ मध्ये संशोधक मंडळींनी वेगळी चूल मांडली. मराठी मंडळांत वाढलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पण मी पैसे भरते ते एका जिलबीमुळे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग मी वर्षानुवर्षं शिकवला. स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांसमोर एक गोड पदार्थ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जी मुलं जास्त थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, हे १९९० मध्ये छापून आलं. तिकडचा तो मऊ, साखरेचा मार्शमॅलो आपल्याकडे कोण खातं, म्हणून मी वर्गात जिलबी सांगायचे. एकदा घरी भाच्यावर करूनही पाहिलं. चार वर्षांचा होता. मी पाठ वळवायच्या आत त्याने जिलबी उचलली, पाक कोपरापर्यंत ओघळला, आणि माझ्याकडे बघत बोटं चाटत बसला. मी गमतीत म्हटलं, याचं काही खरं नाही. सासूबाई पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत होत्या. म्हणाल्या, "तू दुसरी देशीलच, हे त्याला कसं कळणार? मागच्या खेपेला दिली नव्हतीस."

२०१८ मध्ये या संस्थेच्या मुख्य नियतकालिकात वॉट्स, डंकन आणि क्वान यांचा लेख आला. नऊशेच्या वर मुलं, आणि त्यांत कॉलेज न शिकलेल्या आयांची मुलं मुद्दाम पाहिलेली. थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध आधीच्या निम्मा निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची मुळातली समज हिशेबात धरली, तर त्यातलाही दोन-तृतीयांश गेला. सासूबाईंचं म्हणणं यातून सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, तो वेगळ्या तपासणीचा विषय. पण मुलाचं घर बघितल्याशिवाय त्याच्या थांबण्यावर भविष्य सांगू नये, एवढं माझ्यापुरतं ठरलं.

आता गंमत बघा. मिशेल याच संस्थेचे अध्यक्ष राहून गेलेले. आपल्याच माजी अध्यक्षांच्या नावाजलेल्या निष्कर्षाला धक्का देणारा लेख संस्थेने आपल्याच अंकात छापला. आपल्याकडे माजी अध्यक्षांच्या भाषणाला टाळ्या कमी पडल्या तरी बोलाचाली बंद होते.

याच नियतकालिकाने २०१४ पासून अजून एक सुरू केलं. मूळ आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवले, किंवा आपण काय तपासणार हे आधीच नोंदवलं, तर लेखावर तसा बिल्ला लागू लागला. बघायला शाळेतल्या चांदणीसारखा, पण मी हल्ली लेख उघडला की आधी तोच शोधते.

लेख वाचला त्या आठवड्यात वर्गात सांगितलं की आतापर्यंत मी जे छातीठोक सांगत आले ते अर्धंच होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पेपर में कौनसा लिखना है?"

दोन्ही लिहा म्हटलं. निम्मी मुलं अजून पहिलंच लिहितात, गाइडात तेवढंच आहे.