तुम्ही विचारलंत म्हणून: दाराच्या पट्टीला स्क्रू का नाही मारत

बाबांची जुनी मारुती एस्टीम अजून चालवतो. दारांना बाहेरून धक्का लागू नये म्हणून ज्या लांब पट्ट्या असतात, त्या सुटल्या की मी टेपने परत चिकटवतो. गाडी कुठेही उभी केली की कोणीतरी विचारतंच, अहो एवढी खटपट कशाला, दोन स्क्रू मारा आणि मोकळे व्हा, नाहीतर काढूनच टाका त्या पट्ट्या, एस्टीम बंद होऊन किती वर्षं झाली, आता कोण बघतंय. पंपावर विचारतात, देवळाबाहेर विचारतात, घरात भाऊ दर पावसाळ्यात विचारतो. म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

स्क्रू मारून झालेत. बाबा होते तेव्हाची गोष्ट. ड्रायव्हरच्या दाराची पट्टी मागच्या टोकाला सुटली होती, दार आपटलं की फडफडायची. बंपरच्या कामाला गाडी टिंकरिंगला, म्हणजे पत्रा ठोकून नीट करणाऱ्याकडे दिलेली, तिथल्या माणसाने न विचारताच पट्टीतून आरपार ड्रिल मारून सेल्फ स्क्रू आवळून दिले. पैसेही घेतले नाहीत. पट्टी घट्ट बसली, बाबा खूश, मीपण म्हटलं बरं झालं. त्या माणसावर मला राग नाही, त्याने चांगल्या मनानेच केलं, पण म्हणून जे झालं ते कमी होत नाही.

आमचं घर गोव्यात करंजाळ्याला, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. खारा वारा बारा महिने, वर शंभर इंचांच्या पुढे पाऊस. स्क्रू आत शिरताना रंग, प्रायमर सगळं कापत जातो, भोकाच्या कडेला पत्रा उघडा पडतो, आणि वरून पट्टी झाकलेली म्हणून कोणाला दिसतपण नाही. मागे साठलेलं खारं पाणी त्या भोकाशीच मुरत बसतं आणि गंज रंगाच्या खालून पुढे सरकत जातो. एका पावसाळ्यानंतर पट्टीच्या खाली रंगाला फुगा आलेला दिसला. बाबांनी अंगठ्याने दाबला तर रंग फुटून तपकिरी पाणी ओघळलं. पट्टी काढली तर स्क्रूभोवतीचा पत्रा बिस्किटासारखा हातात आला. गंजाच्या खपल्या आत पडून, चिखलात मिसळून दाराच्या तळाची पाणी जायची भोकंच बुजली होती, त्यामुळे पाणी आत साचून खालची कडपण गेली. पुट्टी भरून भागण्यासारखं नव्हतं. नवीन दार मिळेना, शेवटी भंगारातलं बसवलं. त्याचा पांढरा जरा पिवळट, रंग मारूनही उन्हात फरक दिसायचाच, आणि बाबा गाडी धुताना त्याच दारावर जास्त वेळ घासत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

तर हे कारण आहे. हौस म्हणा, हट्ट म्हणा, पण या गाडीच्या पत्र्यात आता भोक पडणार नाही.

फेविक्विकने का नाही, असंही विचारतात. ते कडक होतं, दाराच्या दणक्याने तडकतं आणि निघताना रंगाचा पोपडा घेऊन निघतं. सिलिकॉनचं म्हणाल तर ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्याला तेच नको, शिवाय त्याचा तेलकट थर मागे राहिला की त्यावर पुढे ना टेप चिकटत ना रंग.

मी गाड्यांसाठी मिळणारा जाड फोमवाला डबल टेप वापरतो. जुनी पट्टी हेअर ड्रायरने कोमट करायची, मागून तंगूस, म्हणजे मासे गरवायची नायलॉनची बारीक दोरी, करवतीसारखी पुढे-मागे ओढायची, उचकटायची नाही. राहिलेला गोंद बोटाने चोळून काढायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पेट्रोलने नाही, त्याचा चिकटा राहतो. सरळ रेषेसाठी मास्किंग टेप लावून ठेवायचा. पत्रा २१ ते ३८ अंशांच्या मध्ये हवा, म्हणजे आपल्याकडे पाऊस सरल्यावर, सकाळी, सावलीत. जुलैच्या दमट हवेत लावलं तर सुटणारच, मग टेपला दोष देऊ नका. लावल्यावर सगळ्या लांबीवर जोर देऊन दाबायचं. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुवायची नाही, हे कोणी ऐकत नाही.

आता भावाचं म्हणणं. तो म्हणतो, भोक नसलं तरी पट्टीच्या मागे ओल राहतेच, मग पट्टीच कशाला? पूर्वी मीपण हेच म्हणायचो, बाबांशी यावरून वाद घातलाय, आणि खरं सांगायचं तर मुद्दा चुकीचा नाहीये. पण पट्टी काढली की तिथे रंगाचा जुना पट्टा वेगळा दिसतो, बाजारात बाजूच्या गाडीचं दार थेट पत्र्यावर आपटतं, आणि ती गाडी बाबांनी घेतली तशी राहत नाही. यातलं शेवटचं भावाला पटत नाही, मला पहिलीही दोन पुरेशी वाटतात.

सध्या मागच्या डाव्या दाराची पट्टी टोकाला उचललीय. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस उघडला की काढून खालचा रंग बघणार आहे. फुगा नसेल तर परत लावेन. असेल तर भावाशी बोलावं लागेल, आणि तेव्हा मी काय म्हणेन ते मला आत्ता ठरवता येत नाहीये.